टोपी झाली की निघतो

३ डिसेंबर, मंगळवार
सकाळी ११. प्लास्टर निघालं! माणूस घरी येऊन कापून गेला. डॉक्टर फोनवर म्हणाले, हाड मस्त जुळलंय, उद्यापासून घरात चाला, आठवड्याने जिना उतरा.

म्हणजे १० तारखेला मी खाली. तिथून रिक्षाने थेट ओव्याला, लेकीच्या, मनस्वीच्या सासरी. नात झाली त्याला आज सहा दिवस झाले आणि मी अजून तिला फक्त मोबाईलवर बघतोय. खरं तर पहिलं बाळंतपण माहेरी व्हायला हवं होतं. पण ऑक्टोबरात मी तिसऱ्या मजल्याच्या वळणावर घसरलो (जिना ओला होता. झाडूवाल्याची चूक. लेखी तक्रार केली आहे), आणि बायको, वसुंधरा, एकटी कुणाकुणाचं करणार? म्हणून विहीणबाईंनी तिला तिकडेच ठेवून घेतलं.

बारसं सवा महिन्याने, ५ जानेवारीला, ओव्याच्या अंगणात मांडव घालून. मी भावेशला, म्हणजे जावयाला, फोनवर ठणकावून सांगितलं की बारशाला मी पहिला हजर.

तोवर घर फुल एन्जॉय करायचं. रिटायर झाल्यापासून जमलंच नव्हतं. प्लॅन: रोज एक खाण्यापिण्याचा सिनेमा, त्यातला एक पदार्थ, आणि विणकाम. नातीला टोपी मी स्वतः विणणार. समोरच्या सायराभाभी शिकवणार आहेत.

५ डिसेंबर
सिनेमा पाहिला. कोरियातल्या एक बाई नऊ वर्षं एकाच बरणीतलं लोणचं राखतात. डोळ्यांत पाणी आलं. वसुंधराला म्हटलं, बघ, याला निष्ठा म्हणतात. ती म्हणाली, दूध उतू जातंय.

टोपीचे साठ टाके घातले. सायराभाभी म्हणाल्या, भाईसाब, हात अच्छा है. मला संशय होताच.

१० डिसेंबर
आज जायचं ठरलं होतं. पण सकाळी रस्सा चढवला. जपानी पद्धतीचा, सहा तास मंद आचेवर. असा रस्सा सोडून माणूस घराबाहेर पडत नाही. वसुंधरा एकटीच ओव्याला गेली. नात जांभई देते म्हणे.

संध्याकाळी ६. रस्सा गरम पाण्यासारखा लागतो. सिनेमात चव दाखवता येत नाही, हा या माध्यमाचा मोठा दोष आहे.

१४ डिसेंबर
चपला घातल्या. दारापर्यंत गेलो. कुणीतरी जिना धुतला होता. परत आलो. ओल्या जिन्यावर पाय ठेवणं हा मूर्खपणा, धाडस नव्हे.

चौथा मजला, चौसष्ट पायऱ्या. सहज मोजल्या होत्या कधीतरी.

१५ डिसेंबर
जिना कोरडा होता. पण रविवार. रविवारी रस्त्यावर गर्दी फार.

१८ डिसेंबर
आता भाजीसुद्धा मी घेतो! बाल्कनीतून दोरीला पिशवी बांधून खाली सोडायची, भाजीवाला मेथी टाकतो, वर ओढायची. वसुंधरा म्हणते, भाजीवाल्याला चार जुड्यांतली शिळी जुडी खपवायला तुम्हीच सापडता. जळते ती. घरबसल्या संसार चालवणं सगळ्यांना जमत नाही.

टोपी अर्धी झाली. सुलट, उलट, सुलट, उलट. मन अगदी शांत होतं. दाराची बेल वाजली की मात्र दचकतो. ते लोकरीमुळे असावं.

२२ डिसेंबर
भावेशचा फोन. म्हणाला, बाबा, मी आणि माझे तिघे चुलतभाऊ येतो, तुम्हाला खुर्चीसकट उचलून खाली आणतो. चौघे! मी साठीचाही नाही अजून. चार जणांनी उचलून जिन्यावरून खाली नेलेला माणूस परत वर येत असतो का? याला काही अक्कल? मी फोन ठेवून दिला. मग विहीणबाईंचा, सत्यवतीबाईंचा आला. व्याही, आमी तुमाला पालखीत नेऊ, पन तुमी यायचा हाय, तुमच्याशिवाय बारसा नाय. मी म्हटलं, टोपी झाली की निघतोच.

मुलीच्या सासरची माणसं सोन्यासारखी आहेत. तेच तर अवघड होऊन बसतं.

२५ डिसेंबर
टोपी पूर्ण झाली. सकाळी १०.४० ला शेवटचा टाका.

दुपारी १२. उसवली. एका बाजूला एक टाका सैल वाटत होता. माझ्या नातीला कसंतरी काम चालणार नाही.

सायराभाभी आल्या होत्या. गुंडाळी झालेल्या लोकरीकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, भाईसाब, टोपी तो अच्छी थी. मग वसुंधराशी दारात काहीतरी हळू बोलल्या. बायकांना परफेक्शन कळत नाही.

२८ डिसेंबर
केक करायला घेतला. कुकरमध्ये, शिट्टी काढून. सिनेमातल्या फ्रेंच माणसाचा असाच फुगला होता. माझा फुगला नाही. वसुंधराने तो घावन म्हणून लोणच्याबरोबर खाल्ला.

जेवताना तिने सरळ विचारलं, पाय दुखतो का? म्हटलं, हवा बदलली की ठणकतो. ती म्हणाली, हवा कुठे बदलली? मी टीव्ही लावला.

३१ डिसेंबर
सरत्या वर्षातली ही सर्वांत मोठी कमाई: मी घरात रमू शकतो. लोकांना नाही जमत. बाहेर, बाहेर, सतत बाहेर! काय आहे बाहेर?

आज व्हिडिओ कॉलवर नात हसली. मनस्वी म्हणाली, तुमच्याकडे बघून हसली. मग मनस्वी एकदम गप्प झाली. नेटवर्क गेलं असावं.

१ जानेवारी
संकल्प: ५ तारखेला सकाळी ९ वाजता जिना. घड्याळ लावून. विषय संपला.

३ जानेवारी
टोपी पुन्हा पूर्ण. घाईत टाके घट्ट पडले आहेत. उसवणार होतो, वसुंधराने काढून घेतली आणि कपाटात ठेवून कपाटाला कुलूप लावलं.

४ जानेवारी
कुर्ता इस्त्री करून ठेवला. दाढी केली. उद्या नाही, आत्ताच उतरावं असा उत्साह होता. पण कुर्ता चुरगळला असता.

५ जानेवारी, रविवार
सकाळी ९.०५. कुर्ता घालून दारात उभा होतो. पाच मिनिटं. पाय ठणकला. जोरात ठणकला. वसुंधराला म्हटलं, तू हो पुढे. ती माझ्या पायाकडे बघत होती. मी दुसराच धरला होता.

९.३०. वसुंधरा न जाता फोनवर बोलते आहे. बेडरूमचं दार लावून.

संध्याकाळी ७.
ते सगळे वर आले. दुपारी १२ ला. ओव्याचा मांडव सोडून! चौसष्ट पायऱ्या पाळणा वाहून आणला चुलतभावांनी. सत्यवतीबाई मधेमधे टेकत, धापा टाकत आल्या आणि म्हणाल्या, व्याही, बगा, बारसाच आनला. हॉलमध्ये तीस माणसं. माझ्या सोफ्यावर आठ. आधी वरवंटा सजवून पाळण्यात घालायची पद्धत आहे. वसुंधराने कपाटातून टोपी काढली. नातीला घालून पाहिली, ती कपाळाच्या वरच अडकली. वरवंट्याला मात्र चपखल बसली. सगळे हसले. मीही हसलो. नाव ठेवलं जनी, सत्यवतीबाईंच्या सासूचं.

जनीला मांडीवर घेतलं. मोबाईलवर वजन कळत नाही.

चारला सगळे निघाले. पाहुण्यांना गेटपर्यंत सोडायला जायचं असतं. मी म्हटलं, गॅसवर दूध आहे. मनस्वी थांबली. बाकीच्यांना पुढे जाऊ दिलं. जनीला माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, बाबा, माझे टाके अजून दुखतात, हिला गाडीपर्यंत तुम्ही न्या. पायाला काही झालेलं नाही, डॉक्टरांनी आईला केव्हाच सांगितलंय.

मी दाराबाहेर आलो. पहिल्या पायरीशी उभा राहिलो. जिना कोरडा होता. जनी झोपली होती. खाली वळण दिसत होतं. मी एक पाऊल मागे घेतलं, आणि मनस्वीने ते बघितलं.

जनीला परत दिलं. मनस्वीला सांगितलं, मला भीती वाटते गं. हिला घेऊन पडलो तर? हिला न घेताही वाटते. रोज वाटते.

तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि जनीला घेऊन एकेक पायरी, कठड्याला धरून, उतरत गेली. तिचे टाके खरंच दुखत होते.

वसुंधरा सगळ्यांना सोडून वर आली. आवराआवर करताना म्हणाली, उद्या सकाळी एक पायरी. फक्त एक. बसून उतरलात तरी चालेल, मी खालच्या पायरीवर बसते.

मी हो म्हटलं. उतरेन असं वाटत नाही.