समुद्रातला झिरा

मुक्काम अंदमान,
पोर्ट ब्लेअरहून बोटीनं अर्ध्या दिवसावर,
ता. ९ फेब्रुवारी १९५८

तीर्थरूप पुनाजीमामा यांस,

श्रावणचा सविनय जयभीम. अल्लीपुरात सगळे खुशाल असतील, थंडीत मामीचा दमा वर आला नसेल आणि तुम्ही तिच्या चोरून विडी ओढत नसाल, असं गृहीत धरून लिहितो. (तिन्ही गोष्टी खोट्या असणार, हेही गृहीत धरलंय.)

तुमचं पत्र पोचलं. जाम गावचे डोमाजी पाव्हणे, म्हणजे माझे होऊ घातलेले सासरे, आपल्या चहाच्या टपरीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्या ट्रकवाल्यांना सांगतात म्हणे, "काळ्या पाण्यावर गेलेल्या पोराले म्या पोरगी नाई देत." वा! पूर्वी लोक खून करून इथं येत, मी मॅट्रिक पास करून आलो. एवढा बारीक फरक टपरीवरून दिसायचा नाही. वैशाखाच्या आत परत येऊन वर्ध्यात कारकुनी धरली तरच रुखमा मिळेल, नाहीतर सोयरीक मोडली, असा त्यांचा हुकूम. तेव्हा मी कुठल्या नरकात पडलोय ते आधी ऐका.

आमचे साहेब घोषबाबू, कलकत्त्याचे. इथल्या किनाऱ्यावरच्या जंगलात आणि पाण्याखालच्या खडकांत किती तऱ्हेचे जीव राहतात, ते मोजायला सरकारनं त्यांना धाडलंय. (आपल्याकडे माणसं धड मोजत नाहीत, इथं गोगलगायींना नंबर आहेत.) मी नमुने गोळा करणारा. पहिल्याच दिवशी एका खडकावर टेकलो, तर बाबू किंचाळले. तो खडक नव्हता, जनावर होतं. तेही एक नव्हे, हजारो, एकमेकांच्या घरांवर घरं बांधून राहिलेली. त्याला पोवळं म्हणतात. मग वांग्यासारखं काहीतरी उचललं, तर त्यानं आपली आतडी माझ्या हातावर ओकली. बाबूंना आनंद झाला. बाबूंना अशाच गोष्टींचा आनंद होतो. चिखलात झाडं मुळं उघडी टाकून उभी असतात, त्या मुळांवर मासे चढून बसतात आणि आपल्याकडे टक लावून बघतात. (हे डोमाजींना सांगू नका. जावई काळ्या पाण्यावर गेला आणि वर वेडाही झाला, म्हणतील.) त्या माशांपासून पळून रानात शिरावं, तर तिथं जळवा आपली वाटच बघत असतात.

पण खरी फजिती पहिल्याच आठवड्यातली. दुपारी बघतो तर समुद्र गेलेला! सकाळी कमरेएवढं पाणी होतं तिथं अर्धा मैल उघडी वाळू आणि खडक. जवळचं पिण्याचं पाणी संपलेलं, घसा सुकलेला. आता पाणी आटलं की आपण काय करतो? आपल्या वस्तीला गावच्या विहिरीला हात लावू देत नव्हते, त्यामुळे चालायला लागलो तेव्हापासून नदीच्या वाळूत झिरा खणून पाणी भरलं. हात आपोआप चालले. नमुन्यांची पेटी बाजूला ठेवली, तिच्यावर चपला ठेवल्या आणि हातभर खणलं. बाबू धावत आले, क्या ढूँढता है? म्हटलं, पानी. बाबूंनी लांब गेलेल्या समुद्राकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि चष्मा पुसला.

झिऱ्याला पाणी लागलं. ओंजळभर प्यालो, ते नाकातोंडातून परत आलं. पाठोपाठ समुद्रही परत आला. मामा, तो त्याच दिवशी परत येतो, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. आपली नदी होळीला गेली की मृगापर्यंत तोंड दाखवत नाही. पेटी गेली, तिच्यातल्या अकरा बरण्या गेल्या, चपला गेल्या. आता हाकलून देणार, म्हणून मी मनातल्या मनात गावाकडची कारकुनी पत्करली. पण बाबू माझ्या झिऱ्याच्या तळातून निघालेली एक लाल अळी टोपीत घेऊन गुडघाभर पाण्यात उभे. तसली त्यांनी उभ्या जन्मात बघितली नव्हती. तेव्हापासून रोज ओहोटीला मी झिरे खणतो. सरकारी झिरे. वाळू ढासळू न देता असा खणणारा दुसरा माणूस अख्ख्या बेटावर नाही, असं बाबू म्हणतात. जी विद्या गावानं पाणी नाकारून आपल्याला शिकवली, तिच्यावर सरकार मला पोसतंय. गावाचे उपकार मानावे तितके थोडे.

तर असा हा नरक. सकाळी मासा, दुपारी मासा, आणि ज्वारीची भाकर आता आठवूनही आठवत नाही. मामीला आणि माझ्या बाला जयभीम सांगा, लहानांना माझ्या नावानं गूळ द्या.

तुमचा भाचा,
श्रावण

ता. क. : इथपर्यंतचं, कंसातलं सोडून, बासमोर आणि डोमाजींसमोर मोठ्यानं वाचा. पुढचं फक्त तुमच्यापुरतं.

ता. क. २ : मी आणखी तीन वर्षांसाठी सही केली आहे. परवाच केली. कुणी जबरदस्ती केली नाही.

ता. क. ३ : का, ते सांगतो. इथं येऊन चौदा महिने झाले. पहिल्या दिवशी स्वयंपाक्यानं विचारलं, पोहता येतं का? (मी हो म्हणालो, ते खोटं होतं.) जात अजून कुणी विचारलेली नाही. तंबूत माठ एकच. मी स्वतः पेला बुडवून पितो आणि कुणी बघतसुद्धा नाही. पहिले आठ दिवस मीच बघायचो, कोण बघतंय ते. रुखमानं या माठातलं पाणी प्यावं, असं मला फार वाटतं, मामा. डोमाजींना नका विचारू. मामीला जामला पाठवा आणि खुद्द रुखमाले विचारायला सांगा, येतेस का.

ता. क. ४ : हो म्हणाली तर हिंगणघाटला जाऊन तार करा. नाही म्हणाली तर साधं कार्ड टाका. ते बोटीनं यायला महिना लागतो. तेवढा महिना मला आशेवर राहू द्या.