रांग जूतचा पाला व इतर मिळकत

मी, सौ. शर्मिला अरविंद टिपणीस, वय वर्षे पंचेचाळीस, मूळ राहणार नाशिक, सध्या मुक्काम अल खोबर, सौदी अरेबिया, धंदा घरकाम, हे मृत्युपत्र राजीखुशीने व अक्कलहुशारीने लिहून ठेवते ऐसेजे. धंदा घरकाम हे माझ्या इकाम्यावरून, म्हणजे इथल्या रहिवासी परवान्यावरून, उतरवले आहे. त्यावर 'काम करण्यास परवानगी नाही' असा शिक्काही आहे. मी बँकॉकला राहून थाई औषधी वनस्पतींच्या रसायनशास्त्रात डॉक्टरेट केली, हे त्या शिक्क्याला कोणी कळवलेले दिसत नाही.

माझी प्रकृती ठणठणीत आहे. लिहिण्याचे कारण इतकेच, की इराककडून क्षेपणास्त्रे येत आहेत आणि पुढचे क्षेपणास्त्र विषारी वायू घेऊन येणार असे जो तो म्हणतो. आमच्या इमारतीतल्या बायकांनी खिडक्यांच्या फटींना चिकटपट्टी लावली आहे आणि स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट पंखा चालू ठेवला आहे. अशा शेजारात राहणाऱ्या माणसाने कागदपत्रे तयार ठेवलेली बरी.

१. पुण्यातील फ्लॅटमधला माझा अर्धा हिस्सा आणि माझे सर्व दागिने माझी मुलगी कु. इरा हिला मिळावेत. ती पुण्यात मामाकडे राहून शिकते. मृत्युपत्र करते आहे असे मी तिला फोनवर सांगितले, तर म्हणाली, "ममा, डोन्ट बी सो ड्रॅमॅटिक." माझी अट अशी, की हा मजकूर तिने स्वतः, मराठीत, मोठ्याने वाचावा. अडखळली तर पुन्हा पहिल्यापासून वाचावा.

२. माझे दीर श्री. अशोक टिपणीस हे ठाण्यात असतात. लग्नानंतरच्या पहिल्याच पंगतीत त्यांनी माझी ओळख "आमच्या वहिनी पाला उकळतात" अशी करून दिली आणि तोच विनोद ते आजतागायत पुरवून वापरत आहेत. थायलंडमध्ये फा थलाय चोन म्हणतात ते आपले कडूजहर ओले किराईत. त्यातून मी स्वतः वेगळ्या केलेल्या अँड्रोग्राफोलाइडच्या स्फटिकांची कुपी त्यांना द्यावी. दिसायला स्वच्छ, सुंदर आहेत. त्यांनी चिमूटभर जिभेवर ठेवावेत, म्हणजे पाला उकळून काय निघते ते त्यांना कळेल आणि दोन जेवणे तरी ते गप्प बसतील.

३. सासूबाईंचा अल्सर माझ्यामुळे झाला, असे त्या शेवटपर्यंत पाहुण्यांना सांगत. प्लाऊ नोई नावाच्या थाई झाडाच्या पानांत प्लाउनोटॉल असते आणि जपान्यांनी त्याचे अल्सरवर औषध केले आहे. मी त्यांच्यासाठी ते मागवायला निघाले होते. "सुनेच्या हातचं औषध नको," असे त्या म्हणाल्या. सुनेच्या हातची पुरणपोळी मात्र चाले. या कलमाने कोणालाच काही मिळत नाही, फक्त नोंद राहावी.

४. प्लाय हा हळदीचाच भाऊबंद. त्याच्या गड्ड्यात डायमेथॉक्सीफिनाइल ब्युटाडाइन असते, त्याने सांध्यांची सूज उतरते. त्याच्या तेलाची बाटली मी वरच्या मजल्यावरच्या बिलकिसच्या गुडघ्यांसाठी ठेवली होती. पण ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये असे म्हणतात आणि मला साक्षीला तिच्या आणि तिच्या यजमानांखेरीज दुसरे शहाणे माणूस या इमारतीत नाही. म्हणून तेल तिला आजच, जिवंतपणी दिले. "ताई, मेल्यावरच्या गोष्टी आता कशाला लिवताय?" असे विचारत तिने ते माझ्याच दिवाणखान्यात बसून गुडघ्याला चोळलेसुद्धा.

५. माझे पती श्री. अरविंद टिपणीस यांना मी माझ्या विद्येच्या वस्तूंपैकी काहीही देत नाही. कारण सांगते.

ते अबकैकच्या तेल प्रकल्पावर एका कंत्राटदार कंपनीतर्फे मेकॅनिकल इंजिनियर आहेत. युद्ध सुरू होताच कंपनीने प्रत्येक कर्मचाऱ्याला एक गॅस मास्क दिला आणि कुटुंबीयांना एक पत्रक. पत्रकात लिहिले होते की घाबरू नये. मी घाबरले नाही, पण पत्रकातून श्वास कसा घ्यायचा हे त्यात दिले नव्हते.

पहिल्याच आठवड्यात यांनी तो मास्क पलंगाच्या माझ्या बाजूच्या खुंटीला टांगला.

"हा तू ठेव. मला त्यात गुदमरायला होतं. आणि मी तुझा तो पाला पिईन की."

तो पाला म्हणजे रांग जूत. थायलंडचे शेतकरी फवारणीचे विष अंगात गेले की त्याच्या पानांचा काढा घेतात. गेल्या वर्षी थाई कामगारांचे इकामे वाढवून मिळेनात, तेव्हा यांच्या प्रकल्पावरचा वेल्डर प्रसोंग परत जाताना वाळवलेली पिशवीभर पाने माझ्याकडे ठेवून गेला. या वाळवंटात त्याच्याशी थाई बोलणारी मी एकटीच होते. ती पाने मी निवडून पत्र्याच्या डब्यात भरली आणि सवयीप्रमाणे झाकण मेणाने बंद केले.

"अहो, तो फवारणीवरचा उपाय आहे," मी म्हणाले.

"तूच सांगितलं होतंस, नर्व्ह गॅस आणि कीटकनाशक एकाच घराण्यातले."

"घराणं एक असलं म्हणून काय झालं? तुम्ही आणि अशोकभावजी एकाच घराण्यातले आहात."

यावर ते हसले आणि दुसऱ्या दिवसापासून पहाटे उठून स्वतःचा थर्मास स्वतः भरू लागले. मी किती सांगितले! त्या पानात एपिजेनिन आहे, कॅफिक आम्ल आहे, उंदरांवर थोडाफार गुण दिसला आहे. पण नाकातून आत गेलेला वायू श्वास बंद पाडत असताना पोटातले एपिजेनिन काय त्याला दाराशी अडवणार आहे? इंजिनियर माणूस! पंपाला चुकीचे वंगण घातले तर अख्ख्या शिफ्टला फैलावर घेतो आणि स्वतःच्या जिवासाठी पाल्यावर विसंबतो. इतकी वर्षे माझ्याबरोबर राहून याला एवढेच रसायनशास्त्र आले, याचा मला संताप आहे. त्या थर्मासला मी हात लावणार नाही असे त्याच दिवशी जाहीर केले. भरतात तेच, धुतात तेच.

६. रांग जूतचा तो डबा, त्यात उरला असेल तेवढा पाला,

इथे लिहिणे थांबवावे लागले. किती उरला ते लिहावे म्हणून फळीवरचा डबा खाली काढला. मेण जसेच्या तसे आहे. माझ्या अंगठ्याचा ठसासुद्धा त्यावर तसाच आहे. डबा कोणी उघडलेलाच नाही.

आज पहाटे भोंगा वाजला, त्या गडबडीत ते थर्मास ओट्यावरच विसरून कंपनीच्या बसकडे धावले होते. तो मी उघडला. बिनदुधाचा सुलेमानी चहा. वेलची घातलेली आणि डॉक्टरांनी बंदी केलेली साखर भरपूर. साखर लवकर का संपते म्हणून मी बिलकिसवर संशय घेत होते.

मी ओट्याला टेकून खाली बसले आणि रडले. माझा नवरा रोज मास्कशिवाय त्या प्रकल्पावर जातो, आणि पाल्याने काही होत नाही हे त्याला पूर्ण माहीत आहे. माझी सगळी व्याख्याने त्याने नीट ऐकली होती. मास्क मी ठेवून घ्यावा म्हणून त्याने मूर्ख ठरणे पत्करले, आणि ठरवायचे काम मी रोज न चुकता केले.

७. कलम पाचची पहिली ओळ मी रद्द करते. बाकीचा मजकूर तसाच राहू दे, कारण संताप खरा होता. माझी सर्व रसायने, कुप्या, काचेची उपकरणे आणि प्रबंध श्री. अरविंद यांना मिळावेत. अशोकभावजींची कुपी तेवढी वगळून.

८. गॅस मास्क कंपनीच्या मालकीचा असल्याने तो मृत्युपत्राने देता येत नाही. म्हणून प्लायच्या तेलासारखाच तोही जिवंतपणी देणार आहे. ते घेणार नाहीत, हे मला ठाऊक आहे. तेव्हा उद्या पहाटे मी डब्याचे मेण फोडीन, पाला उकळीन आणि त्यांच्या समोर उभी राहून कपभर पिईन. म्हणेन, "अहो, तुमचंच खरं. याच्यात गुण आहे. मला आता मास्क नको, तो तुम्ही घेऊन जा." पाल्याने काही होत नाही असे त्यांना म्हणता येणार नाही. म्हटले तर स्वतःचा थर्मास माझ्यासमोर उघडावा लागेल.

९. व्यवस्थापक म्हणून बिलकिसचे यजमान श्री. शारीक यांना नेमते. ते गोदामात स्टोअरकीपर आहेत आणि दिलेली वस्तू जपून ठेवतात. त्यांना माझी एकच सूचना आहे. हा पाला वायूपुढे निरुपयोगी आहे, हे वर लिहिलेले माझे शास्त्रीय मत कायम आहे. मी जिवंत असेपर्यंत हा कागद श्री. अरविंद यांच्या नजरेस पडू देऊ नये, एवढे त्यांना तोंडीही सांगितले आहे.

कलम पाचमधील एक ओळ खोडली असून तिच्याशेजारी माझी सही आहे. याखेरीज खाडाखोड नाही. एके ठिकाणी शाई फुटली आहे, तो दोष पेनचा समजावा.

सही: शर्मिला अरविंद टिपणीस

आमच्या दोघांच्या समक्ष सही झाली. मजकूर आम्ही वाचलेला नाही.

साक्षीदार: १. शारीक हुसेनमियाँ मुकादम, रत्नागिरी
२. बिलकिस शारीक मुकादम, रत्नागिरी

मुक्काम अल खोबर, ११ फेब्रुवारी १९९१