पक्ष्यांच्या खोलीची सुधारणा

३ मार्च, सकाळी ९
जुन्या जकातघराच्या संग्रहालयात व्यवस्थापक म्हणून रुजू. सहा महिन्यांचं प्रोबेशन. मला तीन पुरेत. इथली शान म्हणजे पक्ष्यांची खोली. तीनशे वर्षांपूर्वी कुणीतरी छतभर पक्षी रंगवून ठेवलेत. अजून नीट पाहायला सवड नाही. आधी सिस्टिम बसवायची आहे. छताची डागडुजी करणाऱ्या तज्ज्ञ बाई म्हणाल्या, श्वासाच्या वाफेनं रंग सुटतो, गर्दी आवरा. अध्यक्ष म्हणाले, गर्दी वाढवा. दोघांनाही "नक्की" म्हणालो. एका दगडात दोन पक्षी.

५ मार्च
मूळ दुखणं सापडलं. खोलीची किल्ली बावीस वर्षं पहाऱ्यावरच्या एका काकूंकडे आहे. ती रोज दुपारी "हरवते" आणि तासाभरानं सापडते. शिवाय दहा माणसं आत गेली की काकू दारात स्टूल आडवं टाकून स्वेटर विणत बसतात. जाब विचारला तर म्हणाल्या, साहेब, खोलीलापण जरा पाठ टेकू द्या. हसू आवरलं. डुप्लिकेट किल्ल्या करायला टाकल्या.

१० मार्च
प्रेक्षकांचे चार वर्ग केले: अभ्यासक, शाळा, ज्येष्ठ, फोटोवाले. प्रत्येकाला वेगळ्या रंगाचा बिल्ला, वेगळी वेळ. ज्येष्ठांना खुर्च्या आणि कॉफी. फोटोवाल्यांना फोकस लाइट. अभ्यासकांना शांतता. काकूंची बदली सामानघरात. बायकोला योजना वाचून दाखवली. म्हणाली, आपल्या घरी चौघांना एक बाथरूम जमत नाही. तिला मॅनेजमेंटमधलं कळत नाही.

२ एप्रिल
शुभारंभ! शाळेची बस दोन तास लेट, त्यामुळे पोरं थेट ज्येष्ठांच्या कॉफीत. एक नवं जोडपं फोटोसाठी जमिनीवर आडवं झालेलं, आणि भिंगातून वर बघत चाललेला एक अभ्यासक नवरदेवाच्या पोटावर पाय देऊन गेला. आत एकशे चाळीस माणसं. अध्यक्ष जाम खूश. दमलो, पण समाधान आहे.

२० मे
एका आजोबांच्या कॉफीत वरून निळा तुकडा पडला. काकूंनी बघून सांगितलं, खंड्याच्या पंखाचा आहे. त्यांना सगळे पक्षी तोंडपाठ. हाताला काम नसलं की असं होतं. आजोबांना दुसरी कॉफी दिली, फुकट. तक्रार नाही.

२८ मे
तुकडे आता रोज पडतात. उपाय: छताखाली पारदर्शक जाळी. बसवताना शिडी वर घासली आणि हातभर रंग खाली आला. कुठला पक्षी होता ते काकूंना विचारलं. त्या रडायलाच लागल्या. मला वाईट वाटलं, खोटं कशाला लिहू. पण सुधारणा म्हटली की थोडं इकडेतिकडे व्हायचंच.

१४ जून
तज्ज्ञ बाई पाच तास शिडीवर. खाली उतरून म्हणाल्या, बावीस वर्षांत झालं नाही एवढं नुकसान तीन महिन्यांत झालंय. अध्यक्षांनी विचारलं, मग इतकी वर्षं टिकलं कसं? बाईंनी सामानघराकडे बोट दाखवलं.

तिथल्या तिथे ठराव झाला. दिवसाला वीस माणसं, किल्ली काकूंकडे, काकूंचा शब्द अखेरचा. माझं प्रोबेशन परस्पर सहमतीनं संपलं. माझी सहमती कधी घेतली ते आठवत नाही.

३० जून, दुपारी ४.३०
शेवटचा दिवस. फायली सोपवल्या, सह्या झाल्या, मोकळा झालो. काय करावं सुचेना. मग लक्षात आलं, चार महिन्यांत मान वर करून ते छत मी एकदाही धड पाहिलेलं नाही. पाहावंसं वाटलं, अगदी मनापासून. जिना चढून गेलो. दार बंद होतं. काकूंनी खुर्ची दिली, पाणी दिलं, घरच्यांची चौकशी केली. मग म्हणाल्या, साहेब, आजचे वीस झाले हो. उद्या जरा लवकर या.