डॅनियलसाठी यासीन

यान्बू, सौदी अरेबिया, ऑक्टोबर

अम्मी, सलाम. मी खुशाल आहे आणि डॅनियलही.

काल नाश्त्याला तुझ्याशी बोलताना मागून कुणी ओरडलं, "डॅनियल खलास," आणि फोन कट झाला. माणूस गेला समजून तू यासीन पढलीस, असं मुन्नीने कळवलं. अगं, इकडे खलास म्हणजे नुसतं संपलं. डॅनियल आमचा अमेरिकन इंजिनियर. त्याची बेसबॉलची टीम प्लेऑफमधून बाहेर गेली, म्हणून जपानी ताकेदासाहेब चिडवत होते. दोघे सात देश फिरलेत, पण कुठे बसून कुठली मॅच पाहिली, एवढ्याच त्यांच्या गप्पा.

तू यासीन पढलीस हे ऐकून डॅनियल हसला. म्हणाला, आईला थँक्यू सांग.

खोकला थांबला का? मी वेळेवर जेवतो.

डॅनियलच्या त्या बेसबॉलमध्ये मैदानाला वळसा घालून निघाल्या जागी परतलं, तरच रन मिळतो. त्या जागेला ते घर म्हणतात.

दोनदा नाकारलेली सुट्टी या वेळी मंजूर झाली. रमजानला तीन वर्षांनी दारात येईन, तेव्हा माझा एक रन मोज.

तुझा,
हाशम