दुर्बिणीतून बहीण दिसत नाही

चिरंजीव धाकटीस,
थोरलीचे अनेक आशीर्वाद.

सर्वांत आधी, तुला एक थोरली बहीण आहे हे आठवून घे. ती मीच. आठवत नसेल तर शेजारणीला विचार, तिला मी नक्की आठवत असेन. मागे आले होते तेव्हा तिची खुर्ची माझ्याच खाली मोडली होती. चष्मा सापडत नसेल तर कपाळावर हात फिरव. तुझी तब्येत कशी आहे, नवे दात बसले का, गुडघे काय म्हणतात, सगळं कळव. माझे गुडघे म्हणत काही नाहीत, नुसते बोंबलतात. खुब्यातला खिळा मात्र ठणठणीत आहे. डॉक्टर म्हणाला, हा शंभर वर्षं टिकेल. म्हटलं, मग मी गेल्यावर काढून दुसऱ्या कोणाला तरी घाला, वाया नको. (पत्र मी सांगतेय, नात लिहितेय. चुका तिच्या, शहाणपण माझं. अक्षर वाकडं आलं तर जहाज हललं असं समज.)

हो, जहाज. तुझा भाचा निवृत्त झाला आणि त्या आनंदात त्यानं म्हातारीला समुद्रावर आणलं. येत्या गुरुवारी सकाळी आमचं जहाज तुझ्या गावासमोर थांबणार आणि संध्याकाळी निघणार. फोन केला असता, पण तुझा फोन पिठाच्या डब्यात सापडतो हे मला ठाऊक आहे. म्हणून पत्र. आजच्या बंदरावर टाकतोय, आमच्या आधी पोहोचेल.

आता या गुरुवारचं महाभारत ऐक. तुझ्या भाच्यानं जन्मभर बस डेपोत वेळापत्रकं केली, त्यामुळे त्याला नुसतं कुठे जाता येतच नाही, सुटावं लागतं. तुझ्या गावचं वेळापत्रक त्यानं घरूनच करून आणलंय. दीपगृह, संग्रहालय, बाग, चहा, परत. मी म्हटलं, यात मी कुठे आहे? तर म्हणाला, आई, गाव सगळं चढाचं, रस्ते दगडी, मावशीच्या घरापर्यंत गाडी जात नाही, शेवटी पायऱ्या. तू आपली वरच्या डेकवर खुर्ची टाकून बस, मी दुर्बीण आणलीय, तीतून मावशीचं गाव निवांत बघ. म्हणजे बघ, मी याला नऊ महिने पोटात वाहिलं आणि याला मी धक्क्यापासून तुझ्या दारापर्यंत जड झाले. दुर्बिणीतून पाहिलंही असतं गं, पण तुझं तोंड एवढ्या लांबून ओळखायचं कसं? जवळून तरी कुठे धड दिसतं.

मग म्हटलं, आपली सोय आपणच करावी. बंदरावरच्या सहली विकायला इथे एक काउंटर आहे. कागदावर प्रत्येक सहलीपुढे माणसांची चित्रं. एक माणूस चालतोय म्हणजे थोडं चालणं, तीन माणसं म्हणजे पाय तुटेपर्यंत. मला अक्षर येत नसलं म्हणून काय, चालणारा आणि बसलेला यांतला फरक कळतो. एका सहलीपुढे चालणारं कोणीच नव्हतं, दोघं जण छान पाय पसरून बसलेले. मी बोट ठेवलं आणि तुझ्या भाच्याचंही नाव लावून टाकलं. काउंटरवरच्या मुलीनं आधी माझ्या काठीकडे पाहिलं, मग चाकांच्या खुर्चीकडे, आणि मला पोहता येतं का म्हणून विचारलं. म्हटलं, बाई, बसायला पोहणं कशाला लागतं? नंतर कळलं की ती दोघं होडीत बसली होती आणि वल्हं मारत खडकांच्या गुहेतून जाणार होती. पुढचं वल्हं माझं. नात वेळेवर आली म्हणून, नाहीतर तुला हे पत्र गुहेतून आलं असतं. (ती म्हणते, हे नको लिहायला. लिही गं, मुकाट्यानं.)

तरी एक अडचण उरलीच. तुझ्या गावचा किनारा उथळ, म्हणून जहाज लांब उभं राहणार आणि छोट्या मोटारबोटीतून माणसं धक्क्यावर नेणार. इथला कायदा असा, की चाकांची खुर्ची खलाशी उचलून बोटीत ठेवतील, पण तीत बसणारं माणूस उचलणार नाहीत. त्यानं मधली फट आपल्या पायानं ओलांडायची. सरावासाठी त्यांनी डेकवर फटीएवढी रुंद पिवळी पट्टी रंगवलीय. पट्टी ओलांडली तर किनारा, पाय पट्टीवर पडला तर दुर्बीण. परीक्षा घ्यायला एक मिशाळ खलाशी. हात धरायला देतो, पण मेला ओढत नाही. पहिल्या खेपेला माझा पाय पट्टीच्या मधोमध. मी म्हटलं, पट्टी रुंद झालीय, रंग ओघळलाय. त्यानं टेप आणून मोजून दाखवली. दुसऱ्या खेपेला काठी पलीकडे गेली आणि मी अलीकडेच. पण काल मात्र ओलांडली, अगदी हरणीसारखी. मिशाळानं सलाम ठोकला. तेव्हा काळजी नको.

पत्र पुरे करते. थंडीत कान झाकत जा, नाहीतरी त्यांचा दुसरा उपयोग तू करत नाहीस.

तुझी,
थोरली

ता. क. : मी पडले तेव्हा तू आली नाहीस, फळांची टोपली पाठवलीस. तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मीही आले नाही, तीच टोपली फळं बदलून पाठवली. तेव्हापासून आधी कोण कोणाच्या घरी जाणार यावर आपण दोघी अडून बसलोय. बाकी सगळं विसरतेस, एवढं मात्र लख्ख आठवतं तुला. पण धक्क्यावर तिकीटघराशेजारी एक बाक आहे. तो तुझ्या घरात नाही आणि माझ्याही नाही. मी पट्टी ओलांडते, तू चढ उतर. पुढच्या वेळेचा भरवसा ना तुझ्या गुडघ्यांना, ना माझ्या.

ता. क. (आजी डुलकी काढतेय तेवढ्यात नातीकडून) : मावशीआजी, पट्टी अजून जमलेली नाही. सलामही तिनंच ठोकला होता, खलाशाला, चिडून. रोज जेवण झालं की बाबांची नजर चुकवून कॉरिडॉरमध्ये टॉवेल अंथरते आणि ओलांडायचा प्रयत्न करते. आज टाच तेवढी टेकली. गुरुवारी सकाळी शेवटची संधी आहे. तुम्ही बाकावर दिसलात तर तिचा पाय पलीकडे पडेल, मला वाटतं. दुर्बीण मी तिच्या हातात देईन, पाय उचलायच्या आधी.

ता. क. : मी जागी झाले तर ही अजून लिहितेच आहे. काय लिहिलं विचारलं तर म्हणते, फक्त पत्ता. तुझ्या पत्त्याला एवढी शाई कधीपासून लागायला लागली? असो. इथे जेवणाचे डोंगर आहेत, पण सगळ्यावर गोड सॉस. माझ्यासाठी उकडलेले बटाटे पाठव, मऊ, सालं काढून, मीठ-मिरी जरा सढळ. कोणाबरोबर पाठवू म्हणशील, तर तुझ्याकडे पाठवायला कोणी नाही हे मला माहीत आहे. तूच घेऊन ये. डबा मोठा घे, आणि मला उशीर झाला तर एकटीनं खाऊन टाकू नकोस.