दहावी 'ब'ने मागे ठेवलेला परिपाठ

आम्ही, इयत्ता दहावी 'ब', राहणार जिन्याखालची खोली, अक्कलकोट रोडवरची आमची शाळा, सोलापूर, वय सरासरी पंधरा (शिवू वगळून), हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवीत आहोत. आमची बुद्धी शाबूत आहे. पंचाक्षरी सरांचे मत याउलट आहे, पण ते गणित शिकवतात. आमच्यावर कोणीही दबाव आणलेला नाही. "हे लिहीत बसण्यापेक्षा प्रमेय पाठ करा" असा दबाव त्यांनी आणला होता, तो आम्ही झुगारला आहे. उद्या निरोप समारंभ झाला की पोरे राहतील, पण 'दहावी ब' राहणार नाही. सबब आमच्या पश्चात भांडणे होऊ नयेत म्हणून ही व्यवस्था.

लेखन माझे, म्हणजे दाक्षायणीचे. माझे आजोबा कोर्टाबाहेर दस्त लिहीत. त्यांच्या टेबलाखाली खेळता खेळता मी 'अ आ इ'च्या आधी 'सदर' आणि 'उपरोक्त' शिकले. त्यामुळे या कामी वर्गाने मलाच धरले.

कलम पहिले. वर्गातील पंखा नववी 'ब'ला द्यावा. तो वाऱ्यापेक्षा आवाज जास्त देतो. शिवूच्या वडिलांचा एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना आहे. लहानपणापासून मागांच्या खडखडाटात झोपलेला शिवू या पंख्याखाली तीन वर्षे फार सुखाने झोपला. "आवाज बंद पडला की जाग येती मला," असे तो म्हणतो. पंखा दुरुस्त करू नये.

कलम दुसरे. फळा पुसायचा टॉवेल. हा शिवूच्याच कारखान्यातला, काठ चुकल्यामुळे बाद झालेला. सगळ्या शाळेत असे फडके कोणाकडे नाही. आठवीत असताना तो 'अ' वर्गाने पळवला आणि "आम्हाला सापडला" असे सांगितले. आमच्या खिळ्यावर टांगलेला टॉवेल यांना कसा काय सापडतो? आम्ही तो परत आणला. कसा आणला, ते येथे लिहिणे कायद्याने आमच्यावर बंधनकारक नाही. 'अ' वर्गाला या मृत्युपत्रान्वये काहीही मिळणार नाही. त्यांनी समारंभात रडून दाखवले तरी नाही.

कलम तिसरे, व हेच मुख्य. परिपाठ लांबवण्याचा हक्क.

हा हक्क आमच्याकडे कसा आला ते सांगणे भाग आहे. आमच्या वर्गातली महेश्वरी नववीपर्यंत इथे आत्याकडे राहत होती. दहावीच्या सुरुवातीला आत्याची बदली पुण्याला झाली आणि महेश्वरी आपल्या गावाहून, वळसंगहून, एसटीने येऊ लागली. एसटी यायची परिपाठ संपता संपता. आणि परिपाठ संपला की आमचे शिपाई कुंडलिकमामा गेट लावतात. हेडसर स्वतः बाहेर राहिले तरी लावतात, एकदा राहिलेही होते. उशिरा आलेल्याचे नाव लिहिले जाते आणि तिसऱ्यांदा लिहिले की पालकांना बोलावणे.

महेश्वरीचे नाव दोनदा लिहिले गेले होते. तिचे वडील सिद्रामप्पा घरी म्हणतच होते, "ही रोजची धावपळ कशाला? घरी बसून अभ्यास कर, परीक्षा बाहेरून दे." आता शाळेतून बोलावणे गेले असते तर विषयच संपला असता. हे तिने आम्हाला रडत सांगितले नाही. डबा खाता खाता सांगितले, आणि उरलेली शेंगाचटणी शिवूला देऊन टाकली. महेश्वरी कोणाला चटणी देत नाही. तेव्हाच आम्ही घाबरलो.

मग ठरले. गेट लावणे आपल्या हातात नाही, पण परिपाठ आहे. आम्ही अख्ख्या महिन्याचा परिपाठ मागून घेतला. शिवू पाण्याच्या टाकीवर चढायचा. तिथून रस्त्याचे वळण दिसते. एसटी दिसली की त्याने टॉवेल हलवायचा, आणि तोवर अभिमन्यूने माइक सोडायचा नाही.

अभिमन्यू मंगळवेढ्याचा. त्याचा आवाज असा आहे की घसा बसला तरी तो शेवटच्या रांगेत ऐकू येतो. बातम्या संपल्या की तो मंगळवेढ्याच्या ज्वारीचा भाव सांगायचा. मग सुविचार, मग त्या सुविचाराचा अर्थ, मग अर्थाचा अर्थ. दिनविशेषात थोर लोक संपले तेव्हा "आजच्याच दिवशी जन्मलेले एक उमदे व्यक्तिमत्त्व" म्हणून त्याने शिवूचे नाव घेतले. हेडसर खूश होते. "दहावी 'ब'चे सामान्यज्ञान बघा जरा!" असे त्यांनी 'अ' वर्गाला सुनावले. तो दिवस आम्ही जपून ठेवला आहे, तो कोणालाही देणार नाही.

आणि मग एके दिवशी एसटी वाटेत पंक्चर झाली.

अभिमन्यूने बातम्या वाचल्या, भाव वाचले, हवामान वाचले. टाकीवरचा शिवू हलेना. अभिमन्यूने पेपर उलटला आणि जे समोर आले ते भारदस्त आवाजात सुरू केले. "भाड्याने देणे आहे. दोन खोल्या, नळ स्वतंत्र." पोरे एकमेकांकडे बघू लागली. "विकणे आहे. म्हैस, दुसरे वेत, शांत स्वभाव." हेडसरांनी चष्मा काढला. "वधू पाहिजे! मुलगा निर्व्यसनी, स्वतःचे चार माग, उंची..."

एवढ्यात टाकीवरून शिवू जीव तोडून ओरडला, "आली! आली!"

सगळी शाळा गेटकडे वळली. गेटातून महेश्वरी धावत आत आली, दप्तर छातीशी धरून, वेणी सुटलेली. पुढे काय झाले ते लिहिता येत नाही, कारण आमच्यातले निम्मे जमिनीवर होते. पंचाक्षरी सर भिंतीकडे तोंड करून उभे होते आणि त्यांचे खांदे हलत होते.

हेडसरांच्या खोलीत मात्र कोणी हसले नाही. त्यांनी विचारले, कोणी सांगेना. शेवटी महेश्वरीच म्हणाली, "सर, माझ्यासाठी केलं यांनी. साकु आता, पुरे. माझं नाव काढा, यांना काही करू नका."

सिद्रामप्पांना बोलावणे गेलेच. ते आले, टोपी हातात घेऊन बसले. हेडसरांनी सगळे सांगितले. म्हशीपर्यंत ते गंभीर होते. 'वधू पाहिजे'ला त्यांनी खाली बघितले. 'आली आली'ला ते असे हसले की डोळे पुसायला त्यांना आमचाच टॉवेल द्यावा लागला. मग त्यांनी टॉवेलची घडी घातली.

"सर, मी रोज सकाळी दूध घेऊन फटफटीवर सोलापुरातच येतोय की," ते म्हणाले. "हिला आणता आलं आसतं. पर दुधाच्या कॅनमधी बसून पोरगी शाळेत उतरली तर पोरं हसतील, म्हणून आणली न्हाय."

"अप्पा, मला कधी विचारलं तुम्ही?" महेश्वरी म्हणाली.

त्यांनी ती घडी पुन्हा मोडली. "न्हाय इचारलं," एवढेच म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून ते दूध थोडे उशिरा घालू लागले. काही हॉटेलांतला चहा उशिरा उकळू लागला, पण महेश्वरी दोन कॅनच्या मध्ये बसून सगळ्यांच्या आधी शाळेत येऊ लागली. कोणी हसले नाही. म्हणजे 'अ' वर्गातला एक हसला होता, पण त्याला टाकी बघायला नेल्यावर तो थांबला.

सबब सदर हक्क आम्ही नववी 'ब'ला देत आहोत. आपले कोणी वाटेत असेल तर परिपाठ लांबवावा. फक्त जाहिराती आधी वाचून बघाव्यात.

कलम चौथे. एसटीची वेळ बदलावी म्हणून वैजयंती मॅडमनी मराठीच्या तासाला आमच्याकडून अर्ज लिहून घेतला होता. तो चुकून तपासलेलाच डेपोत गेला, लाल शाईत 'पाचपैकी तीन, विनंती अजून नम्र हवी' या शेऱ्यासह. उत्तर अद्याप नाही. आल्यास ते नववी 'ब'ने स्वीकारावे आणि नम्रपणे वाचावे.

कलम पाचवे. हेडसरांनी अभिमन्यूवर घातलेली आजन्म माइकबंदी त्याच्यासोबतच जाईल. ती वारसांवर लागू नाही.

या मृत्युपत्राचे व्यवस्थापक म्हणून आम्ही कुंडलिकमामांना नेमतो. ते कोणाचेच ऐकत नाहीत, आणि व्यवस्थापक तसाच लागतो.

साक्षीदार:

१. वैजयंती मॅडम (सही). वाचून सही केली. शुद्धलेखनाची जबाबदारी माझी नाही.

२. कुंडलिकमामा. यांनी आधी सही करायला नकार दिला. "मेलंय कोण?" त्यांनी विचारले.

"दहावी 'ब', मामा," मी म्हणाले.

"ही काय, समदी हितंच हुबी हायत की."

"मृत्युपत्र जिवंतपणीच लिहितात, मामा. मेल्यावर कसं लिहिणार?"

त्यांनी कागद हातात घेतला, आमच्यातल्या एकेकाकडे बघितले आणि भिंतीला टेकवून सही केली. सही करताना ते आम्हाला पाठमोरेच होते.

"मग मेल्यावर बी येत जावा की अधनंमधनं," ते म्हणाले. "गेट उघडीन मी."

ठिकाण: सोलापूर
दिनांक: ५ फेब्रुवारी २०२६
सह्या: दाक्षायणी, अभिमन्यू, महेश्वरी, शिवू (झोपेतून उठवून), व समस्त दहावी 'ब'