नवव्या संध्याकाळी दुकानाची मांडणी बदलावी

मी, युलाली अगाथा थेलवेल, वय एकोणऐंशी, जन्म जमैका बेटावरील पोर्टलंड परगण्यात, सध्या राहणार ब्रिस्टल शहरात सेंट पॉल्स वस्तीतील सिल्क कॉटन या पुस्तकांच्या दुकानाच्या वर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. पुढचा मजकूर वाचून काहींना शंका येईल, म्हणून तो आधीच मागून घेतला. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. निदान हयात माणसांपैकी तरी कोणाचा नाही.

कलम १. ही इमारत, खालचे दुकान व वरच्या दोन खोल्या माझ्या बहिणीची मुलगी मार्व्हा हिला द्याव्यात. कागदोपत्री सगळे माझे असले तरी दुकान लर्लिनचे, म्हणजे मार्व्हाच्या आईचे आहे. आमची आई गेल्यावर मी या धाकट्या बहिणीला अकराव्या वर्षी बोटीने इकडे आणले. शाळेतल्या बाईंनी तिची बोली ऐकली आणि तिला मंदबुद्धी मुलांच्या वर्गात बसवले. तिथे मिळालेल्या चित्रांच्या पुस्तकात आमच्यासारखा चेहरा एकच होता, आणि तो गोऱ्या पाद्र्याला हंड्यात शिजवायला निघालेल्या रानटी माणसाचा होता. लर्लिनने ते पान फाडले आणि चावून गिळले. बाईंनी जाब विचारला तेव्हा म्हणाली, भूक लागली होती. तेविसाव्या वर्षी तिने हे दुकान काढले. मी तेव्हा इस्पितळाच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करत होते, आणि आम्हा बायकांच्या भिशीत माझा नंबर लागला होता, ते पैसे दुकानाला दिले.

कलम २. पुस्तके दुकानाबरोबरच मार्व्हाकडे जातील. किंग्स्टन, पोर्ट ऑफ स्पेन, लेगॉस, हार्लेम, जिथे जिथे आमची माणसे लिहीत होती तिथून लर्लिनने पत्रे पाठवून ती मागवली. ती लावण्याची तिची रीत साऱ्या शहरात दुसऱ्या कोणाची नव्हती. सगळ्यात खाली रांगत्या बाळांची जाड पुठ्ठ्याची पुस्तके, त्यावर शाळकरी मुलांची, कमरेच्या उंचीला कविता, डोळ्यांसमोर इतिहास आणि कादंबऱ्या, आणि खिडकीजवळ, हीटरच्या उबेला, म्हाताऱ्यांसाठी मोठ्या टाइपाची. ती म्हणायची, माणूस वाढेल तसा त्याचा कप्पा वर चढला पाहिजे. शनिवारी अकरा वाजता ती मधल्या लाकडी खुर्चीत बसून मोठ्याने वाचायची आणि समोर तान्ह्या बाळापासून ऐंशीच्या आजोबांपर्यंत सगळे बसायचे. कोण कुठल्या कप्प्यापर्यंत आले आहे हे तिला पाठ होते.

कलम ३. चुलतभाऊ एव्हर्टन याला माझे बिडाचे पातेले द्यावे. पुस्तके काढ आणि कॉफीचे दुकान टाक, असे तो मला एकोणीस वर्षे सांगतो आहे. ज्याला वाचता येऊनही वाचायचे नाही, त्याने निदान नारळाच्या दुधातला राजमा-भात तरी नीट शिजवावा. त्याला दुसरे काही देऊ नये, आणि अंत्यविधीत भाषण तर मुळीच करू देऊ नये.

कलम ४. माझी निळी हॅट व मोत्यांची पिन आमचा सुतार रॉयस्टन बेनेट याच्या बायकोला द्यावी. ती खरे तर रॉयस्टनच्या आईला, मिस आयसिल्डाला द्यायची होती, पण ती आता नाही. माझ्या हातून तिचा अपमान झाला आहे. कसा, ते इथे लिहिणे भाग आहे.

लर्लिन १९९१च्या मार्च महिन्यात, शनिवारी, वाचता वाचता खुर्चीतच गेली. पान उलटायला बोट उचलले आणि तशीच राहिली. मुलांना वाटले, पुढे काय होणार म्हणून मुद्दाम थांबली आहे. मुले बराच वेळ शहाण्यासारखी वाट पाहत बसली. पहिल्या ओळीत मार्व्हा होती, नऊ वर्षांची.

वकिलांसाठी लिहिते: आमच्यात मेलेला माणूस नऊ दिवस घरातच असतो. नवव्या संध्याकाळी माणसे जमतात, तळलेले मासे आणि पाव खातात, भजने गातात, आणि मग त्याच्या खोलीतले सामान हलवतात. पलंग फिरवतात, कपाट दुसऱ्या भिंतीला नेतात. शेवटचा फेरा मारायला आलेल्याला जागा ओळखू येत नाही, आणि तो आपल्या वाटेने जातो. त्याप्रमाणे मिस आयसिल्डा नवव्या संध्याकाळी रॉयस्टनला घेऊन दुकानात आली. शेल्फ रॉयस्टननेच बनवले होते, त्यामुळे ते कसे सुटतात हे त्याला माहीत होते. मी दारात आडवी उभी राहिले. म्हणाले, ही मांडणी करायला माझ्या बहिणीचा जन्म गेला, एकाही पुस्तकाला हात लावायचा नाही. खेड्यातली खुळे इथे आणू नका, असेही म्हणाले. आयसिल्डाने हातातला मासा खाली ठेवला.

"पोरी," ती म्हणाली, "तू पुस्तकं नाही राखत आहेस. तू तिला राखते आहेस. आज जे दार बंद करशील, ते या घरातल्या पुढच्या मरणाशिवाय उघडायचं नाही."

मी तिला बाहेर जायला सांगितले. तिचे म्हणणे खरे होते. मला लर्लिन हवी होती, बाकी सगळी सबब होती.

कलम ५. खुर्चीबद्दल. पुढच्या शनिवारी सकाळी मी दुकान उघडले तेव्हा गल्ल्यावर तीन पुस्तके काढून ठेवलेली होती. अकरा वाजता तीन माणसे आली, आणि त्यांनी नेमकी तीच तीन पुस्तके मागितली. खुर्चीचे बसायचे लाकूड कोमट होते. मी दार लावून घेतले आणि आनंदाने रडले. त्यानंतर असे घडले नाही असा एकही शनिवार गेला नाही. मुले खुर्चीपुढे आपणहून बसत आणि मान वर करून ऐकत. घरी जाऊन आयांना ज्या गोष्टी सांगत त्या आमच्या एकाही पुस्तकात नव्हत्या. आया विचारत, कोणी सांगितली? मुले म्हणत, दुसऱ्या बाईंनी. मला कधी काही दिसले नाही, ऐकूही आले नाही. मी फक्त लाकडावर हात ठेवायची. मार्व्हाला मात्र ऐकू यायचे, निदान ती तसे म्हणते. ती आज सदतीस वर्षांची आहे, आणि अजून पहिल्या ओळीच्या जागी जमिनीवर मांडी घालून बसते. मँचेस्टरची चांगली नोकरी आणि एक चांगला माणूस, दोन्ही तिने शनिवारसाठी सोडले.

दोन वर्षांपूर्वी गोष्टी आटू लागल्या. मुले सांगू लागली की बाई तेच पान पुन्हा पुन्हा वाचतात. मग सांगू लागली की बाई आम्हाला भलत्याच नावांनी हाक मारतात. मी नावे विचारली. ती १९९१च्या मुलांची होती, त्यांतली दोन तर आता हयातही नाहीत. गल्ल्यावर निघणारी पुस्तकेही चुकू लागली, म्हाताऱ्याला पुठ्ठ्याचे आणि बाळाला कादंबरी. आणि गेल्या नाताळाआधीच्या शनिवारी समोरच्या घरातली पाच वर्षांची शनेल माझ्याजवळ आली. माझा झगा ओढून म्हणाली, "त्या बाई विचारतात, ताई, आता उठू का?"

या शहरात मला ताई म्हणणारी एकच होती. मी खुर्चीकडे पाहून म्हणाले, ऊठ. मोठ्याने म्हणाले, दुकानात गिऱ्हाईक होते. शनेल तिकडे पाहून म्हणाली की बाईंना उठता येत नाही. मी रॉयस्टनला बोलावले आणि शेल्फ सोडवायला लावले. सोमवारी पुस्तके पुन्हा जिथल्या तिथे होती. रॉयस्टन म्हणाला, आई सांगायची ते विसरलीस का, आता मरण लागेल.

मार्व्हाला मी हे सगळे सांगितले. तिने पाच आठवडे माझ्याशी बोलणे टाकले. नंतर आली आणि एवढेच म्हणाली, "मावशी, तुला तिची बावीस वर्षं जास्त मिळाली. मला नऊच मिळाली. मी नाही घालवणार तिला." मला तिचा राग आला नाही. त्या नवव्या संध्याकाळी मीही हेच केले होते.

कलम ६. म्हणून माझी आज्ञा अशी. माझ्या मृत्यूनंतर नवव्या संध्याकाळी, उजेड असतानाच, रॉयस्टन बेनेट याने सर्व शेल्फ सोडवून विरुद्ध भिंतींना लावावेत. बाळांची पुस्तके वर न्यावीत, म्हाताऱ्यांची खाली. लोकांना काही दिवस पुस्तके सापडणार नाहीत, बाळे वर हात करून रडतील, त्याला इलाज नाही. नंतर मार्व्हाने तिला हवी तशी मांडणी करावी, फक्त जुनी करू नये. खुर्ची मात्र मार्व्हाने स्वतः उचलून भिंतीकडे तोंड करून ठेवावी. दुसऱ्या कोणाच्या हाताने ती हलणार नाही. हे न केल्यास कलम १ रद्द होऊन इमारत एव्हर्टनकडे जावी. मार्व्हा, ही धमकी आहे, आणि मी ती जाणूनबुजून देत आहे. तुझी आई थकली आहे गं.

कलम ७. या मृत्युपत्राचा व्यवस्थापक म्हणून मी रॉयस्टन बेनेट याला नेमते. शनिवारचे वाचन बंद पडू नये. मार्व्हाने दुसऱ्या खुर्चीत बसून वाचावे. तिचा आवाज चांगला आहे, तो तिने अजून ऐकलेला नाही.

कलम ८. वकील सांगतात की माणसाने आधीचे मोडून नवे काही ठरवले तर नवे ते खरे धरायचे. मला नेमके याचेच भय आहे. नवव्या संध्याकाळी मी त्या दुकानात असेन. शेल्फचा पहिला खिळा निघाला की मार्व्हाच्या कानाशी माझा आवाज येईल, "राहू दे गं, आज नको." तो माझा नव्हे असे कोणी तिला समजावू नये. तो माझाच असेल आणि अगदी मनापासून असेल. मी विनवण्या करीन, तिच्या आईचे नाव घेईन, आम्ही दोघी इथे सुखात आहोत असेही सांगेन. मला स्वतःची चांगली ओळख आहे. म्हणून आज, श्वास चालू असताना आणि हात थरथरत नसताना, मी जाहीर करते की माझा शेवटचा शब्द हाच. मेल्यानंतर मी जे काही बोलेन ते रद्दबातल समजावे, आणि खुर्ची फिरवावी.

सही
युलाली अगाथा थेलवेल

वरील सही आम्हा दोघांच्या डोळ्यांदेखत झाली असून मृत्युपत्रात आम्हाला काही मिळणार नाही.
साक्षीदार १: विन्स्टन अलेक्झांडर क्रॉस, औषधविक्रेते
साक्षीदार २: पर्लिन डेकॉर्डोव्हा, चर्चच्या गायनवृंदाच्या प्रमुख

स्थळ: ब्रिस्टल
दिनांक: ९ मे २०१९, दुपारी तीन वाजता